डोळ्याच्या बदल्यात

भाऊसाहेब शेळवणे आमच्या घरी आले आणि त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. याआधी ते मतं मागायला यायचे तेव्हा चपलांसकट ओसरीत उभे राहायचे, हात जोडायचे आणि पुढच्या घराला जायचे. त्या दिवशी ते थेट आत आले, माझ्या भावाशेजारी खाटेवर बसले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दिगंबर, कोर्टाची तारीख मंगळवारचीच आहे ना?"

दिगूनं मान हलवली.

"साक्ष तुझीच आहे?"

"माझीच. त्या दिवशी दोन्ही केसेस आहेत. आधी करांडेची, मग माझी."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. "कौसल्या, चहा टाक ना."

मी चहा टाकला, पण कान तिकडेच ठेवले. दिगू माझा धाकटा भाऊ. माझा नवरा लवकर गेला तेव्हापासून मी माहेरी परत येऊन पिठाची गिरणी चालवत होते, आणि आई-वडील गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो होतो. दिगू टेम्पो चालवायचा आणि उरलेल्या वेळात भाऊसाहेबांचा प्रचार करायचा. मागच्या पंचायत समितीच्या निवडणुकीत मतदानाच्या दिवशी शाळेसमोर दोन गटांत मारामारी झाली. रावसाहेब निंबोरे हे भाऊसाहेबांचे कट्टर विरोधक. त्यांचा पुतण्या संग्राम यानं सोड्याची फुटकी बाटली दिगूच्या तोंडावर मारली. डावा डोळा गेला. त्याच मारामारीत भाऊसाहेबांच्या मुलानं, विक्रांतनं, रावसाहेबांच्या बाजूच्या रंगनाथ करांडेचा गुडघा लोखंडी गजानं फोडला. दोन माणसं कायमची अधू झाली आणि पोलिसात दोन गुन्हे नोंदले गेले.

त्यानंतर भाऊसाहेब प्रत्येक सभेत दिगूला व्यासपीठावर बोलावून घ्यायचे. त्याचा हात वर धरून म्हणायचे, "या पोरानं तुमच्या-माझ्यासाठी डोळा दिलाय!" टाळ्या पडायच्या. दिगू घरी आला की त्या टाळ्यांबद्दल बोलायचा. टेम्पो विकावा लागला त्याबद्दल मात्र कधी बोलला नाही.

मी चहा घेऊन आले तेव्हा भाऊसाहेब सांगत होते, "सभापतिपदाची मुदत संपत आलीये. एकट्याच्या जिवावर ना माझं जमतंय, ना रावसाहेबांचं. मग आम्ही बसलो, बोललो. पंचायत समिती आपल्याकडे, बाजार समिती त्यांच्याकडे. तालुक्याच्या विकासासाठी जुनं सगळं विसरायचं ठरवलंय."

"रावसाहेबांशी?" दिगूनं विचारलं.

"राजकारणात कुणी जन्माचं वैरी नसतं, दिगंबर."

मागच्याच महिन्यात याच रावसाहेबांच्या पुतळ्याला जोडे मारायला भाऊसाहेबांनी दिगूला पुढं केलं होतं.

"आता त्यात या दोन केसेस तेवढ्या आडव्या येतात," भाऊसाहेब चहा फुंकत म्हणाले. "त्यांचा संग्राम, आपला विक्रांत. दोघांचंही वय कोवळं. उद्या दोघांनाही राजकारणात यायचंय. तेव्हा करांडे सांगणार, गर्दीत कुणी मारलं ते दिसलं नाही. तूही तेच सांगायचं. बाकी वकील बघून घेतील."

मी विचारलं, "आणि डोळा?"

"काय?"

"याचा डोळा. त्याचं काय ठरलं तुमचं?"

भाऊसाहेब हसले. रागावले नाहीत. त्यांचं हसणं मोठं मायेचं असायचं. "कौसल्या, साक्ष देऊन डोळा परत येणार आहे का? मी आलोय तो त्याचीच सोय करायला. जूनपासून दिगंबर आपल्या संस्थेच्या शाळेत शिपाई. कायम. आणखी काय पाहिजे?"

ते गेले. जाताना दिगूच्या पाठीवर थोपटून गेले. दिगूनं हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं.

मी त्याच्यासमोर बसले. "काय करणार?"

"नोकरी कायमची आहे, आक्का."

"मी ते विचारलं नाही."

"मग काय करू? एका डोळ्याच्या ड्रायव्हरला कोण गाडी देतं? तुझ्या गिरणीवर किती दिवस बसून खाऊ?" तो तिरमिरीत उठला, दारापर्यंत गेला आणि परत वळला. "मला वाटायचं, माझ्या डोळ्याची त्यांना किंमत आहे. किंमत होतीच की. माझा डोळा आणि करांडेचा पाय, दोन्ही तराजूत टाकून बघितले त्यांनी. वजन सारखं भरलं. मिटलं प्रकरण."

त्याच्या उरलेल्या डोळ्यातून पाणी येत होतं. दुसऱ्या डोळ्याची पापणी नुसती थरथरत होती. मला भाऊसाहेबांच्या मागं धावत जाऊन त्यांची कॉलर धरावीशी वाटली. आपला मुलगा वाचवायला माझ्या भावाचा डोळा यांनी शत्रूला परस्पर देऊन टाकला होता, आणि वर उपकार केल्यासारखे माझ्याच घरात बसून माझाच चहा प्याले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणी उघडली नाही. नदीवरचा पूल ओलांडून करांड्यांच्या वस्तीवर गेले. पलीकडची वस्ती सगळी रावसाहेबांची. निवडणुकीपासून तिकडच्या बायका माझ्या गिरणीवर दळण आणत नव्हत्या, मीही कधी तिकडं पाऊल टाकलं नव्हतं. मला बघून दोन-तीन दारं लागली.

रंगनाथ करांडे अंगणात बाजेवर बसला होता, एक पाय लांब करून. पूर्वी त्याची मेंढरं होती. पायानं चालता येईना तशी त्यानं ती विकून टाकली होती. रिकाम्या वाड्यात त्याची बायको यमुना गोवऱ्या रचत होती. ती मला ओळखत होती. हातातली गोवरी तशीच धरून तिनं विचारलं, "काय काम काढलं?"

"करांडेदादांशी बोलायचंय."

"भाऊसाहेबानं धाडलं का?" रंगनाथनं बाजेवरूनच विचारलं.

"नाही. त्यांना कळलं तर माझी गिरणी बंद पाडतील."

"मग बस."

मी खाली बसले. यमुना बसली नाही. मी विचारलं, "तुमच्याकडं रावसाहेब येऊन गेले?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग रंगनाथ म्हणाला, "आले होते. हिला अंगणवाडीत मदतनीस म्हणून लावतो म्हणाले. मला दिसलं न्हाई म्हणायचं."

"दिगूला शाळेत शिपाई."

"म्हंजे पायाला अंगणवाडी आन् डोळ्याला शाळा," यमुना म्हणाली. तिच्या आवाजात हसू नव्हतं.

मी म्हटलं, "दादा, तुमचा पाय विक्रांतनं मोडला, ते माझ्या भावानं बघितलंय. माझ्या भावाचा डोळा संग्रामनं फोडला, ते तुम्ही बघितलंय. तुम्ही आणि दिगू दोघंही खरं बोललात तर भाऊसाहेब-रावसाहेबांचं ठरलेलं तिथंच कोर्टात मोडेल."

रंगनाथनं आपल्या गुडघ्याकडं बघितलं. "माझी केस आधी हाय."

"हो."

"मी बोलून बसलो आन् मागनं तुझा भाऊ बोललाच न्हाई तर? माझा पाय तर गेलाच, हिची नोकरी बी गेली, आन् गावात राहायचं हाय रावसाहेबाच्या डोळ्यांदेखत. तुझ्या भावानं तुला शब्द दिलाय का?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण खोटं बोलू नका हेच सांगायला तर मी गेले होते. "मी त्याला अजून विचारलेलं नाही," मी म्हटलं. "मी इथं आलेय हेही त्याला माहीत नाही."

"बघा!" रंगनाथनं हात उडवला. "हिनं भावालाच इचारलं न्हाई!"

"रावसाहेबानं तुम्हाला तरी कुठं इचारलं?" यमुना एकदम म्हणाली. तिनं हातातली गोवरी खाली टाकली. "सगळं ठरल्यावर सांगाया आला त्यो. ही बाई निदान ठरायच्या आधी आली."

रंगनाथनं मला हो म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. यमुना मला पुलापर्यंत सोडायला आली. निघताना म्हणाली, "त्येंचं मला ठावं न्हाई. पर मी त्येंच्या कानाशी बोलत राहीन."

घरी आल्यावर मी दिगूला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्याला धीर येईल. तो भडकला.

"म्हणजे तूही मला न विचारता माझा सौदा करून आलीस? भाऊसाहेबात आणि तुझ्यात फरक काय मग?"

"मी काही ठरवून आलेली नाही. करांडेनं काही कबूल केलेलं नाही, मीही केलेलं नाही. तुला काय बोलायचं ते तू बोल."

"आणि मी दिसलं नाही म्हटलं तर?"

"तर मी तुझ्याबरोबर घरी येईन आणि स्वयंपाक करीन," मी म्हटलं. "पण शिपायाच्या पगाराचं धान्य मी दळणार नाही."

मंगळवारपर्यंत आम्ही कामापुरतंच बोललो.

तालुक्याच्या कोर्टात त्या दिवशी गर्दी होती. व्हरांड्यात एकाच बाकावर भाऊसाहेब आणि रावसाहेब शेजारी-शेजारी बसलेले मी बघितले. आमच्या गावात या दोघांच्या नावानं भावाभावांनी चुली वेगळ्या मांडल्या होत्या, सोयरिकी मोडल्या होत्या. आणि हे दोघं एकाच पुडीतले शेंगदाणे खात होते. विक्रांत आणि संग्राम कठड्याला टेकून मोबाइलवर काहीतरी बघून हसत होते. दिगूनंही ते बघितलं.

करांडेचा पुकारा झाला. तो काठी टेकत पिंजऱ्यात चढला. त्याला बसायला न्यायाधीशबाईंनी खुर्ची द्यायला सांगितली. त्यानं शपथ घेतली. सरकारी वकिलांनी कंटाळल्या आवाजात विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला कोणी मारलं?"

मी यमुनाकडं बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती, पदराचं टोक दातांत धरून.

"सांगा, कोणी मारलं? दिसलं का तुम्हाला?"

"दिसलं की," करांडे म्हणाला. "समोरनं आला त्यो. विक्रांत भाऊसाहेब शेळवणे. लोखंडी गज होता हातात. ह्यो काय, हितंच उभा हाय."

सरकारी वकिलांनी मान झटक्यात वर केली. त्यांनाही वेगळंच सांगितलं गेलं असावं. टंकलेखकाची बोटं थांबून पुन्हा चालू झाली. विक्रांतचं हसू मावळलं. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. रावसाहेब उठून बाहेर निघाले होते, आणि भाऊसाहेब त्यांच्याकडं डोळे फाडून बघत होते.

करांडेची उलटतपासणी संपली आणि दुपारची सुटी झाली. आम्ही आवारातल्या लिंबाखाली उभे होतो. भाऊसाहेब तरातरा आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"दिगंबर! बघितलंस? दगा केला रावसाहेबानं. शब्द फिरवला. आता तूही सोडायचं नाहीस. संग्रामचं नाव घे. ठणकावून घे! मी आहे तुझ्या पाठीशी."

दिगू त्यांच्याकडे बघत राहिला.

"असा बघतोस काय? तुझा डोळा फोडलाय त्यांनी!"

"कधी फोडला?" दिगूनं विचारलं.

"म्हणजे?"

"नाही, कधी फोडला? परवा तुम्ही घरी आलात तेव्हा कुणीच फोडला नव्हता. आज सकाळपर्यंत फोडला नव्हता. आत्ता, करांडे बोलल्यावर फोडला का?"

"ही वेळ आहे का असलं बोलायची?" भाऊसाहेब दबक्या आवाजात म्हणाले. "शाळेचं पक्कं आहे. उद्या ऑर्डर काढतो. तू फक्त नाव घे."

दिगू तिथून चालत सुटला. मी त्याच्या मागं गेले. कोर्टाच्या भिंतीपाशी तो थांबला आणि म्हणाला, "मी बोलणारच नाही, आक्का. खरं बोललो तरी ते त्यांच्याच कामाचं होतंय. खोटं बोललो असतो तरी त्यांच्याच कामाचं होतं. माझ्या तोंडात माझं काही ठेवलंय का यांनी?"

पलीकडं यमुना नवऱ्याला नळावर पाणी पाजत होती. त्यांच्या आसपास कुणीही नव्हतं. सकाळी त्यांच्याबरोबर जीपमधून आलेली वस्तीवरची माणसं लांब जाऊन उभी राहिली होती.

मी म्हटलं, "तो बघ. त्याला घरी न्यायला आता जीपसुद्धा नाही."

दिगूनं बघितलं.

त्याचा पुकारा झाला. सरकारी वकिलांनी तोच प्रश्न विचारला. दिगूनं न्यायाधीशबाईंकडं तोंड केलं.

"मॅडम, आधी एक सांगायचंय. परवा मला सांगितलं होतं, दिसलं नाही म्हण. आत्ता तासाभरापूर्वी सांगितलं, दिसलं म्हण. मला दोन्ही वेळा तेच दिसलेलं आहे. संग्राम निंबोरेनं मारलं. सोड्याची बाटली होती."

"कोणी सांगितलं तुम्हाला?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"भाऊसाहेब शेळवण्यांनी. ते तिसऱ्या रांगेत बसलेत."

संग्रामचे वकील ताडकन उठले. आज काही काम पडणार नाही म्हणून ते निवांत आले असावेत. आता त्यांना उलटतपासणी घ्यायलाच लागली. ते दिगूला अडकवायला निघाले. "भांडण तुमच्याच गटानं काढलं. तुमच्याच माणसांनी आधी रंगनाथ करांडेला गजानं मारलं, आणि ते लपवण्यासाठी तुम्ही संग्रामचं नाव घेताय. खरं ना?"

असा प्रश्न आला की साक्षीदार खोटं आहे म्हणतो. कोर्टात बसून-बसून एवढं मलाही कळलं होतं.

दिगू म्हणाला, "पहिलं खरं आहे. करांडेला आधी मारलं. विक्रांत शेळवणेनं मारलं. मी त्याच्याशेजारी उभा होतो. तेव्हा मी त्याला अडवलं नाही, ओरडलोसुद्धा, मार म्हणून. त्यानंतर संग्रामनं मला मारलं. दुसरं खोटं आहे. मी काही लपवत नाही."

वकिलांनी हातातले कागद मिटले. मग म्हणाले, "आणखी काही विचारायचं नाही." न्यायाधीशबाईंनी दिगूचं शेवटचं उत्तर टंकलेखकाला पुन्हा वाचून दाखवायला सांगितलं.

घरी जाताना आम्ही चौघं एसटीनं गेलो. दिगूनं करांडेला पायरी चढताना हात दिला. गाडीत दोघं शेजारी बसले, पण गाव येईपर्यंत एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. बोलण्यासारखं काय होतं? एकानं दुसऱ्याच्या पायावर गज पडताना मार म्हणून आरोळी दिली होती, आणि आज त्याच्याच बाजूनं साक्ष दिली होती. यमुना मात्र उतरताना मला म्हणाली, "उद्या दळण घेऊन येते. जोंधळं हाईत."

पुढं जे झालं ते सांगून मोठं समाधान वाटावं असं नाही. विक्रांत आणि संग्राम, दोघांनाही शिक्षा झाली, दोघंही अपिलात गेले आणि जामिनावर बाहेर राहिले. काही वर्षांनी दोघांचेही फोटो वाढदिवसाच्या फलकांवर झळकायला लागले. भाऊसाहेब आणि रावसाहेब महिनाभर बोलले नाहीत. मग पुन्हा बसले, आणि सभापतिपद इकडं, बाजार समिती तिकडं, हे ठरल्याप्रमाणंच झालं. फक्त आमच्यावाचून झालं. दिगूला शाळेतली नोकरी मिळाली नाही. भाऊसाहेबांच्या माणसांनी माझ्या गिरणीवर येणं सोडलं. दिगू गिरणी शिकला, पुढं त्यानं तेलाचा घाणाही घातला. अंगणवाडीतलं काम यमुनाला कधीच मिळालं नाही.

भाऊसाहेब मला पुन्हा भेटले ते फार वर्षांनी, एका ओळखीच्या घरी, बारशाला. थकले होते. विक्रांतनं कारभार हातात घेतल्यापासून त्यांना कुणी विचारत नव्हतं. पंगत उठल्यावर ते काठी टेकत माझ्याकडं आले आणि शेजारच्या खुर्चीत बसले.

"कौसल्या, एक विचारू? आता माझ्या हातात काही राहिलेलं नाही. मनात ठेवून करायचंय काय? करांडेचं आणि तुमचं काय ठरलं होतं?"

"काही ठरलं नव्हतं," मी म्हटलं.

"कुणी दिलं काय तुम्हाला? रावसाहेबाच्या विरोधातल्या लोकांनी? की वरनं कुणी?"

"कुणी काही दिलं नाही, भाऊसाहेब. दोघांना जे दिसलं होतं ते दोघांनी सांगितलं."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं निरखून बघितलं. थट्टा करत नव्हते, कुत्सितपणाही नव्हता. खरंच समजून घ्यायला बघत होते, आणि त्यांना ते समजत नव्हतं. कोर्टात आला नव्हता एवढा संताप मला त्या क्षणी आला. आयुष्यभर या माणसाच्या हातात आमचा तालुका होता.

मग त्यांनी मान हलवली आणि उठता-उठता म्हणाले, "बरं, नको सांगूस. पण काहीतरी असणारच."